वीस मिनिटं, एक पोर: साध्या फोनवरून शिकवायला सुरुवात कशी करावी

२०२० च्या टाळेबंदीत मी नाशिकमध्ये सातपूरजवळच्या एका वस्तीतल्या ४३ पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. रोज सकाळी एक व्हिडिओ टाकायचा, खाली अभ्यास द्यायचा, संध्याकाळी वहीचे फोटो मागायचे. पहिल्या आठवड्यात अकरा फोटो आले, दुसऱ्या आठवड्यात चार. तिसऱ्या आठवड्यापासून नुसती गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. घरोघर विचारलं तेव्हा उलगडा झाला. निम्म्या घरांत तो फोन बापाच्या खिशात, बाप अंबडच्या कंपनीत आणि पोर घरी. फोन घरी होता तिथे नेट संपलेलं. दोन्ही होतं तिथे व्हिडिओ चौथीचा आणि पोराला अजून जोडाक्षरं वाचता येत नव्हती.

ग्रुप बंद केला आणि एकेका घरी साधा फोन लावायला लागले. त्याला नेट लागत नाही, बटणांचा फोन चालतो, पोराला फक्त बोलायचं असतं. तेव्हापासून हेच करते आहे. कुणी नव्यानं सुरू करणार असेल तर माझ्या चुका त्यानं पुन्हा कराव्यात असं वाटत नाही, म्हणून हा लेख.

शाळा उघडून वर्षं झाली, मग आता कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांनी ऑक्टोबरनंतर एकदा गिरणारेच्या मजूर नाक्यावर सकाळी जाऊन यावं. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची माणसं द्राक्षाच्या कामाला येतात, बऱ्याचदा पोरांसकट. पोराचं नाव एका गावच्या हजेरीपटावर, पोर दुसऱ्या गावच्या मळ्यात. शिक्षण हमी कार्ड दाखवून जवळच्या शाळेत बसता येतं, पण बसवायला कुणीतरी न्यावं लागतं आणि तोवर महिना जातो. शहरातही मे महिन्याची सुट्टी, आजारपण, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली मुलगी, अशा फटी पुष्कळ. फोन शाळेची जागा घेत नाही. या फटी तेवढ्या बुजवतो.

फोनवरून खरंच शिकतात का, हेही विचारतात. बोट्सवानात २०२० मध्ये शाळा बंद असताना साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांत याची रीतसर चाचणी झाली. काही घरांना आठवड्याला गणिताचे नुसते एसएमएस गेले. काहींना एसएमएस आणि सोबत पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसनं म्हणावा असा फरक पडला नाही. फोन गेला त्या घरांतली मुलं गणितात पुढे गेली. पुढे तोच प्रयोग भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्स या पाच देशांत करून पाहिला, तिथेही उपयोग झाला. बांगलादेशात विद्यापीठातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी खेड्यातल्या प्राथमिकच्या मुलांना आठवड्याला अर्धा तास फोनवर मदत केली, तिथलाही अनुभव चांगला आहे. माझ्या ग्रुपचं काय चुकलं ते मला बोट्सवानाचं वाचल्यावर नीट कळलं. मी पाठवत होते, ऐकत नव्हते.

आधी फोनचा दिनक्रम लिहून काढा

पोराचं नाव, इयत्ता हे नंतर. वहीचं एक पान एका घराला द्या आणि पहिली ओळ फोनची लिहा: फोन कुणाचा, दिवसभर कुठे असतो, घरी किती वाजता येतो, चार्ज कुठे होतो.

कंपनीतल्या माणसाची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्टचा आठवडा असला की फोन संध्याकाळी घरात, सेकंडचा असला की मध्यरात्री. म्हणजे एकाच पोराची वेळ आठवड्याआड बदलणार. हे मला दोन महिने कळलं नव्हतं. मी ठरल्या वेळी सात वाजता फोन लावायचे आणि पलीकडून मशीनच्या खडखडाटात बाप ओरडायचा, "मॅडम, कामावरंय!" त्याला सुपरवायझरचं ऐकून घ्यावं लागायचं ते वेगळंच.

मळ्यावरच्या घरांचं निराळं. छाटणी, डिपिंग (द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी ही कामं बऱ्याचदा उक्ती घेतलेली असतात, त्यामुळे अंधार पडेपर्यंत कुणी हलत नाही. झोपडीत वीज नसली तर फोन शेतकऱ्याच्या घरी किंवा पंपाच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो. चुलीवर भाकरी चढते ती वेळ मला सगळ्यात चांगली सापडली, साधारण साडेसात. आई एका जागी असते, पोर तिच्याजवळ असतं आणि फोन परत आलेला असतो. पावसाळ्यात हीच माणसं आवणीला, म्हणजे भातलावणीला, गावी जातात. तेव्हा काही पाड्यांवर रेंज फक्त टेकाडावर मिळते, मग फोन त्यांनी करायचा, आपण नाही. त्यांनी मिस कॉल द्यायचा, आपण उलट लावायचा. पैसे आपले जायला हवेत, त्यांचे नाहीत.

रिचार्जची तारीखही लिहून ठेवा. बहुतेकांचा पॅक २८ दिवसांचा असतो. तो संपला की आधी आउटगोइंग जातं आणि काही दिवसांनी इनकमिंगही. "नंबर सेवेत नाही" असं ऐकू आलं की पोरानं शिक्षण सोडलं असं समजू नका, बापाची मजुरी अडकली असेल. शेजारचा किंवा किराणा दुकानदाराचा दुसरा नंबर पहिल्याच दिवशी घ्या.

पहिला फोन अनोळखी माणसानं करायचा नसतो

ओटीपी विचारून बँक खाती रिकामी करणाऱ्यांनी वस्तीत एवढी भीती घालून ठेवली आहे की अनोळखी बाईनं गोड आवाजात "तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय" म्हटलं तर फोन कट होणारच. माझा नंबर एका घरात तीन आठवडे ब्लॉक होता. त्यामुळे आधी प्रत्यक्ष भेट, तीही अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शाळेतले सर यांच्यासोबत. भेटणं शक्य नसेल तर त्यांनी आधी त्यांच्या फोनवरून सांगावं आणि मग तुम्ही लावावा.

भेटीत तीन-चार गोष्टी तोंडानं सांगा. मी कधीही पैसे मागणार नाही, ओटीपी मागणार नाही, फोटो मागणार नाही. फोन मोठ्या माणसाच्या देखत, स्पीकरवर. नको वाटलं तर कधीही बंद करा, रागावणार नाही. मग त्यांच्याच हातानं तुमचा नंबर सेव्ह करून घ्या. माझं नाव बहुतेक फोनांत "शिकवणी ताई" आहे. एका आजीच्या फोनमध्ये नावाऐवजी नुसता पुस्तकाच्या चित्राचा इमोजी आहे, कारण तिला वाचता येत नाही. नातीनं शोधून काढलेली युक्ती, मी आता सगळीकडे वापरते.

संमती वहीत लिहून ठेवा, तारखेसह. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळताना आईवडिलांची संमती घ्यायला सांगितलं आहे. कायदा नसता तरी हे करायला हवंच होतं. मुलांचे नंबर एकमेकांना किंवा देणगीदाराला देऊ नका. फोन रेकॉर्ड करू नका. हल्ली कित्येक फोनांत रेकॉर्डिंग सुरू झाल्याची सूचना मोठ्यानं वाजते आणि आईचा चेहरा पडतो, तो तुम्हाला दिसत नाही एवढंच. बोलता बोलता पोरानं मारहाणीचं किंवा त्याहून वाईट काही सांगितलं तर त्याची उलटतपासणी घेऊ नका. ऐकून घ्या, तुमच्यासोबत काम करणाऱ्या मोठ्या माणसाला लगेच सांगा आणि १०९८ ही चाइल्डलाइन लावा. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

पोर कुठे आहे ते ओळखा, इयत्ता विसरा

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून जी चाचणी वापरतात ती याला उत्तम. वाचनाच्या पायऱ्या म्हणजे अक्षर, शब्द, पहिलीच्या दर्जाचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या दर्जाची गोष्ट. गणितात एक ते नऊ ओळखणं, दहा ते नव्व्याण्णव ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भाग. एका पोराला दहा मिनिटं पुरतात.

फोनवर अडचण अशी की पोराच्या हातात कागद हवा. अंगणवाडीत किंवा दुकानात झेरॉक्स ठेवून द्या. तेही जमत नसेल तर बालभारतीचं पुस्तक बहुतेक घरात असतंच. पान क्रमांक सांगण्याआधी मात्र एक करा: "पानावर सगळ्यात वर काय लिहिलंय, कसलं चित्र आहे?" असं विचारा. पुस्तकं मधल्या काही वर्षांत बदललेली आहेत आणि मोठ्या बहिणीचं जुनं पुस्तक धाकट्याकडे आलेलं असतं. मी एकदा दहा मिनिटं एका मुलाला पान ३४ वाचायला लावत होते आणि तो तिथलं भलतंच काहीतरी इमानेइतबारे वाचत होता. मला वाटलं, बिचारा मनानं रचतोय.

पाठांतराला फसू नका. पहिली ओळ घडाघडा आली की मधलाच एखादा शब्द विचारा, "तिसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द कोणता?" तिथे थांबला तर पोर वाचत नाही, आठवून म्हणतंय.

वीस मिनिटांत काय करायचं

पहिली दोन मिनिटं इकडचं-तिकडचं. काय जेवलास, शेळीला पिल्लू झालं का. पुढची पाचेक मिनिटं मागच्या वेळचं एक उदाहरण पुन्हा. मग दहा मिनिटं नवीन एकच गोष्ट. शेवटी उद्यापरवा करायचं काम, जे पोरानं स्वतःच्या तोंडानं परत सांगायचं आणि त्यानंतर फोन आईकडे. वीस मिनिटांच्या पुढे गेलात तर पोर "हो ताई, हो ताई" करायला लागतं. ते "हो" म्हणजे "ठेवा आता" असं समजा.

फोनवर शिकवण्यात एक मोठा फायदा आहे, तो मला फार उशिरा कळला. आपल्याला वही दिसत नाही. वर्गात चुकलेलं उत्तर दिसलं की लाल पेनानं फुली मारतो आणि पुढे जातो. इथे विचारावंच लागतं, कसं काढलंस? आणि पोरालाही ते विचारणं परीक्षा वाटत नाही, कारण ताईला खरोखरच दिसत नाहीये.

मळ्यावरच्या, चौथीतल्या एका मुलीचा फोन जसा झाला तसा सांगते.

"बावन्न रुपये होते, सत्तावीस खर्च झाले. किती राहिले?"

"पस्तीस."

"कसं काढलंस? मला दिसत नाही ना, सांग."

"पाचातून दोन गेले, तीन. सातातून दोन गेले, पाच."

चूक एका वाक्यात उघडी पडली. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिनं मोठ्यातून लहान घालवले होते. हातच्याची वजाबाकी न कळलेली निम्मी पोरं हेच करतात. मी नियम सांगितला नाही. तिच्याकडे खराट्याच्या काड्यांचे, केसाच्या रबरात बांधलेले दहा-दहाचे गठ्ठे होते, ते आम्ही पहिल्या आठवड्यात करून घेतले होते.

"पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या मांडल्यास?"

"हो."

"आता मला सात सुट्ट्या दे."

"दोनच आहेत."

मी गप्प बसले. पलीकडे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी हंडा आपटला. मनात दहापर्यंत मोजलं, मग पुन्हा दहापर्यंत. फोनवरची शांतता फार लांब वाटते आणि तोंड उघडायचा मोह होतो. उघडू नका.

"ताई, एक गठ्ठा सोडू?"

झालं. हातचा म्हणजे काय ते तिला मिळालं होतं. पुढे बारा सुट्ट्यांतून सात, चार गठ्ठ्यांतून दोन आणि पंचवीस हे तिनं एका दमात सांगितलं. त्या दिवशी दुसरं उदाहरण घेतलं नाही. चिंचोके, तुरीचे दाणे, बाटलीची झाकणं, काहीही चालतं. मात्र गठ्ठा सुटा करता आला पाहिजे, म्हणून मला काड्याच आवडतात. आगपेटीच्या नकोत, घरात लहान मूल असतं.

मराठी अंक फोनवर दगा देतात

हे कुठल्या परदेशी पुस्तकात सापडणार नाही म्हणून सविस्तर लिहिते. आपण "त्रेपन्न" म्हणतो, त्यात आधी तीन ऐकू येतो आणि मग पन्नास. पोर कानावर विसंबून आधी ३ लिहितं, मग ५. वहीत ३५. आपल्याला वाटतं गणित चुकलं. गणित बरोबर असतं, संख्याच वेगळी असते. "एकोणचाळीस"चं तर विचारू नका, त्यात चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे तीस नि नऊ. मला ३९ ऐवजी ४१ आणि ४९ दोन्ही मिळालेले आहेत.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. त्या वेळी मीही नाक मुरडलं होतं. फोनवर शिकवायला लागल्यावर माझं मत बदललं. आता मी प्रत्येक संख्या दोनदा सांगते, "त्रेपन्न, पाच दशक तीन", आणि पोराला अंक सुटे सुटे परत म्हणायला लावते, "पाच, तीन". शब्द सोडायचा नाही, बाजारात तोच लागतो. जोडी लावायची.

अक्षरांचंही तसंच. साध्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जातो. स आणि श यांची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून ती फोनवर बोथट होते. ब आणि भ, त आणि थ तर माझ्या कानाला सारखेच लागतात. दोन्हीकडे फोर-जीवरून कॉल लागला तर बरं ऐकू येतं, पण तसं गृहीत धरू नका. सुटं अक्षर कधीच विचारू नका. "भ भाकरीतला", "ब बदकातला" असं शब्दासकट बोला आणि पोरालाही शब्दासकट बोलायला लावा. पेठ-सुरगाण्याकडच्या बऱ्याच घरांत कोकणा किंवा वारली बोलतात. भाकरी कळली नाही तर त्यांचा शब्द विचारून घ्या आणि वहीत लिहा. त्यांना शिकवायला मिळालं की पोरं खुलतात.

वाचन ऐकताना चुकीवर झडप घालू नका. वाक्य संपू द्या, मग म्हणा, "मधला तो शब्द परत वाच बरं." निम्म्या वेळा पोर स्वतःच सुधारतं.

एसएमएस आणि व्हॉइस मेसेज, थोडक्यात

एसएमएसचा उपयोग आठवण द्यायला आणि उदाहरण हातात ठेवायला. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात, काना-मात्रा आणि मोकळ्या जागा धरून. रोमन लिपीत १६० मावतात, पण पोराला ती वाचायची नाही. "५२-२७ किती? काड्या मांडून बघ. उद्या ७ला फोन करते." एवढं पुरतं. आधी एक चाचणी संदेश पाठवून पाहा, काही जुन्या बटणांच्या फोनवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात. तिथे नुसते अंक पाठवा. बहुतेक पॅकमध्ये दिवसाला शंभर एसएमएस असतात, तुम्हाला पाच-सहा लागतील. एकगठ्ठा हजारोंना पाठवायचे तर दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी करून मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो; सुरुवातीला त्या वाटेला जाऊच नका. नंबर लावला की रेकॉर्ड केलेला धडा ऐकू येतो, त्या आयव्हीआरबद्दलही माझं हेच म्हणणं.

घरात व्हॉट्सॲप असेल तर व्हिडिओपेक्षा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज बरा. डेटा नगण्य लागतो आणि पोर तो दहादा ऐकतं. गोष्ट सांगायची तर अर्ध्यावर थांबवा, पुढचं पोरानं सांगून पाठवायचं.

साध्या फोनवर कॉल मर्ज करून एका वेळी पाच जणांना जोडता येतं. पाढे आणि कोडी यांना ते छान. शिकवायला नको, एक बोलतं आणि चार ऐकत बसतात.

आईला बिनअभ्यासाची बाई समजू नका

"आम्हाला काय येतंय ताई, आम्ही अंगठेबहाद्दर", हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकाल. हीच बाई वीस किलोचं टोमॅटोचं क्रेट उचलता उचलता किती क्रेट झाले, मुकादमानं किती लिहिले आणि किती रुपये खाल्ले याचा हिशेब तोंडी ठेवते. तिला वहीत काय तपासायचं ते सांगू नका. तिला सांगा, "आज भाकरी करताना तिला विचारा, सात क्रेट भरले तर किती किलो? आणि कसं काढलं ते तिच्याकडून ऐका." उत्तर तिला माहीत असतं. शेवटची दोन मिनिटं तिच्याशी बोला आणि पोराचं आज काय जमलं ते तिच्या कानावर घाला, पोराच्या देखत. तक्रार त्या फोनवर कधीच करायची नाही.

किती मुलं घ्यावीत

पाच. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला एकेकाला एक फोन, आणि एखादा न लागलेला परत लावायला वेळ, यात पाचच बसतात. मी उत्साहात बारा घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात मला कुठलं पोर कुठे अडलंय ते आठवेना आणि एकीला मी दुसरीचंच उदाहरण पुढे चालवायला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण पुढचे दोन फोन उचलले नाहीत.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तेव्हा घरी बसून शिकणं नाशिकला नवं नाही. तिथे शिकणारा मात्र मोठा माणूस असतो, पुस्तक पाठवलं की वाचतो. आपल्या पोरांचं अजून वाचनच व्हायचंय. म्हणून संख्या वाढवायची तर शिकवणारे वाढवा. कॉलेजची मुलं-मुली यात उत्तम. फक्त नव्याला दोन फोन शेजारी बसून ऐकू द्या आणि त्याचे पहिले दोन तुम्ही ऐका. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं "फिफ्टी थ्री" म्हणून मोकळी होतात, त्यांना आधी मराठी पाढे म्हणायला लावा.

प्रत्येक फोननंतर एक ओळ लिहा: तारीख, फोन लागला का, काय जमलं, कुठे अडलं. "छान झालं" ही नोंद निरुपयोगी आहे. "हातचा घेते पण वरची संख्या कमी करायला विसरते", ही नोंद. चार आठवड्यांनी पहिली चाचणी वेगळ्या आकड्यांवर पुन्हा घ्या. पोर एकही पायरी चढलेलं नसेल तर पद्धत बदला, एखादी पायरी खाली उतरून बघा. दोनदा असं झालं तर शाळेतल्या शिक्षकांशी बोला. कधी चष्म्याचा प्रश्न असतो, कधी कानाचा. फोनवर ऐकू न येणारं पोर शांत बसतं आणि आपण त्याला लाजाळू म्हणतो.

आठ आठवड्यांचा एक टप्पा ठरवा आणि तो पहिल्याच दिवशी घरी सांगा. संपताना शाळेतल्या बाईंना किंवा सरांना ती वही दाखवा, शक्यतो पोराला सोबत घेऊन.

एवढं करूनही दोन-तीन घरं निसटतात. द्राक्षाची उन्हाळ्यातली खरड छाटणी आटोपली की माणसं गावी जातात, सिम बंद पडतं, नंबर दुसऱ्याच कुणाला लागतो आणि पलीकडचा माणूस वैतागून "राँग नंबर" म्हणतो. त्यांचं पान फाडू नका. दिवाळीनंतर त्याच अंगणवाडीत किंवा त्याच किराणा दुकानात चौकशी करा, नवा नंबर मिळतो. तो जुन्याच पानावर, जिथे काम थांबलं होतं त्याच्या खाली लिहा आणि तिथलंच उदाहरण घेऊन फोन लावा.